उंदीर तिहाई घेतो : टॉम-जेरीच्या पियानोवाल्या कार्टूनबद्दल

भातासूर

गेल्या आठवड्यात सांगलीच्या गावभागातून एक पेटी दुरुस्तीला आली. पन्नासेक वर्षं जुनी, सागवानी, घरातल्या आजींच्या भजनाची. "हवा धरत नाही, सूर मध्येच बसतो" एवढीच तक्रार. भाता उघडला तर घडीला रुपयाएवढं भोक, आणि आत कापूस, सुतळी, लग्नपत्रिकेचे कपटे रचून केलेलं नीटनेटकं घरटं. उंदीर केव्हाच निघून गेला होता. शेजारी आण्णा बसले होते. आण्णा म्हणजे माझे वडील, वय ८१, उभी हयात नाट्यसंगीताला तबल्याची साथ करण्यात गेली. काचबिंदूमुळे आता उजव्या डोळ्याला अंधुक दिसतं, डाव्याला काहीच नाही. मी घरटं कसं आहे ते सांगितलं तसे ते हसायला लागले. म्हणाले, "त्या मांजराच्या पियानोत झोपतो, तोच असणार हा."

त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघांनी पुन्हा एकदा 'द कॅट कॉन्सर्टो' लावलं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. टॉम आणि जेरीचं हे कार्टून १९४७ सालचं. दिग्दर्शन विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांचं, स्टुडिओ एमजीएम, लांबी साडेसात मिनिटांच्या आसपास. टॉम टेलकोट घालून रंगमंचावर येतो, झुकून अभिवादन करतो आणि फ्रांझ लिस्ट या संगीतकाराची 'हंगेरियन ऱ्हाप्सडी क्रमांक २' ही पियानोची रचना वाजवायला बसतो. पियानोच्या पोटात, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या रांगेवर, जेरी झोपलेला असतो. पट्टी दाबली की हातोडी उसळते, हातोडी उसळली की जेरी उसळतो. झोपमोड झालेला उंदीर आणि मैफल थांबवता न येणारं मांजर, एवढाच मामला. कुणी एक अक्षर बोलत नाही.

लहानपणी केबलवर पाहिलं तेव्हा मी आपटाआपटीला हसायचो. आता त्रेचाळिसाव्या वर्षी हसतो ते दुसऱ्याच जागेवर. टॉम वाजवणं सोडत नाही, ती जागा. बोटं चेचली, बसायचं स्टूल जेरीनं वर-खाली केलं, झाकण आपटलं, तरी पुढचा सूर वेळेवर येतो. एरवीच्या कार्टूनमध्ये टॉम सगळं टाकून उंदरामागे धावला असता. इथं समोर भरलेलं थिएटर आहे. राग डोक्यापर्यंत गेलाय आणि चेहरा मात्र उस्तादाचाच ठेवायचाय. उंदराला मारायचं तेही मात्रेत मारायचं. एका जागी तर हात उंदीर पकडण्यात गुंतलेत म्हणून तो पायांनी वाजवतो, पण गत सुटू देत नाही.

आण्णा माझ्याही पुढे गेले. शेवटाकडे जेरी दोन हातोड्या उपटून घेतो आणि तारांवर स्वतःच अखेरचा तुकडा वाजवायला लागतो. संपलं असं वाटतं. टॉम सुटतो. तेवढ्यात जेरी तोच तुकडा परत उचलतो आणि टॉमला धापा टाकत मागून यावं लागतं. पुन्हा संपल्यासारखं होतं, पुन्हा सुरू. दोनदा हुलकावणी आणि मग खरा शेवट. आण्णांना पडद्यावर फक्त हलणारे डाग दिसत होते, पण मांडीवर बोटं चालू होती. शेवटाला त्यांनी थाप मारली आणि म्हणाले, "आली समेवर. उंदीर तिहाई घेऊन गेला की रे!"

(सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, आणि तिहाई म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणलेला तुकडा.) तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. विचारायचं एवढंच की हे कार्टून पाहताना तुम्ही नेमके कुठे हसता?

---

हळदबाजार

भावा, उंदराचा सापळा! दुसरं काय!

आमच्या गल्लीत पहिली केबल एका घरात आली आणि त्या घरच्या काकू आम्हा दहा-बारा पोरांना पाय धुवून मगच आत घ्यायच्या. फरशीवर बसून बघायचो. जेरी आधी कात्री घेऊन टॉमचं बोट कापायला बघतो, ते जमत नाही. मग तो दोन पट्ट्यांच्या जागी सापळा ठेवतो. टॉमला पत्ताच नाही. बोटं सापळ्याच्या अलीकडं पडतात, पलीकडं पडतात, पुन्हा अलीकडं. आम्ही सगळी पोरं "आता! आता!" करायचो आणि प्रत्येक वेळी बोट चुकायचं. खटका पडायच्या आधीच आम्ही लोळायला लागलेलो असायचो. खटका पडल्यावर तर काकूसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या.

आज माझी पोरगी बघते. तीपण "आता! आता!"च म्हणते. तिला कुणी शिकवलं नाही.

---

एकताल

धागा फार आवडला, आण्णांना नमस्कार सांगा. पण तिहाई म्हणायला माझी हरकत आहे.

तिहाईत एकच बोल तीनदा येतो, मधलं अंतर सारखं असतं आणि तिसऱ्याचा शेवटचा आघात समेवर पडतो. पहिले दोन समेवर येत नाहीत, म्हणूनच ऐकणारा ताणलेला राहतो. इथं उलट आहे. पहिल्या वेळी तुकडा पूर्ण संपतो, ऐकणाऱ्याला वाटतं की सम आलीच. नंतरचं वाढवलेलं आहे. त्याला तिहाई म्हणणं म्हणजे शब्द सैल वापरणं. मी विद्यार्थ्यांना शिकवतो म्हणून एवढं बोललो.

बाकी लयीबद्दल पूर्ण सहमत. लिस्टची ही रचना मुळातच आपल्या माणसाला जवळची वाटावी अशी आहे. तिचे दोन भाग. पहिला 'लासान', संथ, भारदस्त, आलापीसारखा. दुसरा 'फ्रिस्का', तो हळूहळू तापत जातो आणि शेवटी सुसाट सुटतो. विलंबित आणि द्रुतच म्हणा. टॉमचा रुबाब लासानमध्ये आहे आणि त्याची दैना फ्रिस्कामध्ये. दुसरी रचना घेतली असती तर ही गोष्टच उभी राहिली नसती. आणखी एक. या रचनेत लिस्टनं शेवटाच्या आधी एक जागा वाजवणाऱ्यावर सोडली आहे, तिथं त्यानं स्वतःचं काहीतरी भरायचं. रॅखमनिनॉफसारख्या मोठ्या पियानोवादकांनी त्या जागेसाठी आपापलं लिहिलं. म्हणजे उपज करायला, स्वतःला सुचेल ते वाजवायला, मूळ रचनेतच मोकळीक आहे. जेरीनं ती घेतली.

---

भातासूर

एकताल सर, तुमचा प्रतिसाद आण्णांना वाचून दाखवला. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. पण सम कुठली हे टॉमला ठाऊक नाही, जेरीला ठाऊक आहे. जेरीच्या बाजूनं बसून मोज म्हणावं." मी आपला निरोप्या.

---

चोवीस_फ्रेम

मी मूळचा साताऱ्याचा, आता पुण्यात अॅनिमेशनमध्येच काम करतो. हातानं कागदावर काढण्याचं शिक्षण घेतलेल्या शेवटच्या काही बॅचमधला. आमच्या सरांनी पहिल्या महिन्यात हेच कार्टून एकेक फ्रेम पुढे सरकवत दाखवलं होतं, साडेसात मिनिटांना दोन दिवस लागले.

सेकंदाला २४ फ्रेम. साडेसात मिनिटं धरली तर १०,८०० फ्रेम. बहुतेक ठिकाणी एक चित्र दोन फ्रेमसाठी वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, पण हालचाल जलद झाली की प्रत्येक फ्रेमला वेगळं चित्र लागतं. आता लय पकडा. मिनिटाला १२० मात्रा असतील तर एक मात्रा बरोबर १२ फ्रेमची. दुप्पट केली की ६. म्हणजे चित्रकार कागदावर अक्षरशः मात्रा मोजत असतो. कुठल्या फ्रेमला बोट टेकलं, कुठल्या फ्रेमला जेरी उडाला, हे तक्त्यावर आधी लिहिलेलं असतं. एक-दोन फ्रेम इकडेतिकडे झाल्या तरी हसू निसटतं, हे मी स्वतःच्या कामात कितीदा तरी अनुभवलंय.

टॉमची बोटं बघा. केनेथ म्युझ, एड बार्ज, अर्व्हिन स्पेन्स ही या कार्टूनच्या अॅनिमेटरांची नावं. त्यांनी पंजे नुसते वर-खाली हलवलेले नाहीत. जाडे सूर आले की हात डावीकडे, बारीक आले की उजवीकडे, उड्या मारणारे सूर आले की मनगट उचललेलं. माझ्या बायकोनं सहा वर्षं पियानो शिकलाय. ती हे पाहताना हसायची थांबते आणि टॉमचा हात बघत बसते.

संगीतकार स्कॉट ब्रॅडली. टॉम-जेरीच्या त्या काळच्या जवळपास सगळ्या कार्टूनचं संगीत त्यांचं. वाद्यवृंदाकडून मांजराचं घसरणं, उंदराचं डोकावणं, सगळं वदवून घेणारा हा माणूस. इथं मात्र त्यांनी लिस्टला पुढे केलं आणि स्वतः मागे राहिले. ते मला फार मोठं वाटतं.

---

कृष्णाकाठची

सगळ्यांचं वाचून छान वाटलं, पण माझा प्रश्न वेगळा आहे आणि मनापासून विचारतेय. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. माझी दोन मुलं, सहा आणि तीन वर्षांची. थोरल्यानं गेल्या महिन्यात टॉम-जेरी पाहून धाकट्याच्या बोटांवर कपाटाचं दार लोटलं. नख काळं पडलं. धाकटा रडायला लागला तेव्हा थोरला गोंधळून बघत होता, कारण कार्टूनमध्ये बोट चपटं होतं आणि पुढच्या क्षणी बरं होतं. तेव्हापासून मी बंद केलंय. चूक केलं का?

---

चोवीस_फ्रेम

ताई, चूक अजिबात नाही. तीन वर्षांच्या मुलाला चपटं बोट आणि खरं बोट यातला फरक कळत नाही. चेंडू आपटला की दबतो आणि उसळताना ताणतो, तसं शरीर दाबायचं-ताणायचं, हे आमच्या धंद्यातलं पहिलं तंत्र. 'स्क्वॉश अँड स्ट्रेच' म्हणतात. ते रबरासारखं असल्यामुळेच दुखत नाही असं मोठ्यांना वाटतं. सहा वर्षांच्याला शेजारी बसवून, एखादी फ्रेम थांबवून दाखवा की हे कागदावर काढलेलं आहे. एक चेंडू काढायला लावा, गोल, मग चपटा, मग पुन्हा गोल. स्वतः काढलं की पोरांना कळतं. पण धाकट्याला अजून दोन-तीन वर्षं लांबच ठेवा, असं माझं स्पष्ट मत.

---

पडद्यामागचा

मी सत्तरीचा आहे. नोकरी सांभाळून तीस वर्षं हौशी संगीत नाटकांत पडद्यामागचं सगळं केलं. पडदा ओढला, प्रॉम्प्टिंग केलं, दिवे सांभाळले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' हे नाटक ज्या सांगलीत केलं त्या गावातला मी, म्हणून टॉमकडे मी उंदरानं छळलेलं मांजर म्हणून बघूच शकत नाही. तो नट आहे. पडदा वर गेलाय, आता काहीही झालं तरी प्रयोग पुढे न्यायचा.

आणि शेवटच्या त्या दोन हुलकावण्या. तिहाई की काय ते आण्णा आणि एकताल ठरवतील. मला तर तो वन्स मोअर वाटतो! बालगंधर्व आपल्या जिल्ह्यातल्या नागठाण्याचे. त्यांच्या पदांना इतके वन्स मोअर यायचे की नाटकं रात्र रात्र चालायची, हे आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकत मोठे झालो. वन्स मोअर प्रेक्षक देतात आणि गाणारा घेतो. इथं प्रेक्षकांनी मागितलेला नाही, गाणाऱ्याला नकोय, आणि साथीदारच तो घ्यायला लावतोय. नाटकवाल्याला यात काय दिसतं हे शब्दांत सांगणं अवघड आहे.

एक प्रसंग सांगतो. आमच्या एका प्रयोगाला पायपेटीवर एक वयस्कर गृहस्थ होते. तिसऱ्या अंकात नायिकेच्या पदाला दोन वन्स मोअर झाले, तिसराही आला. मी विंगेत उभा. त्यांच्या उजव्या पोटरीत गोळा आला हे मला त्यांच्या जबड्यावरून कळलं. पाय पायट्यावरून उचलला, हवेत तसाच धरला, आणि एकट्या डाव्या पायानं भाता मारत पद पुरं केलं. सुरात कुठे थरथर नाही. पडदा पडल्यावर मी धावत गेलो तर त्यांनी आधी विचारलं, "खालचा सा उतरला का रे?" टॉम पायांनी वाजवतो तो प्रसंग आला की मला ते गृहस्थ आठवतात. तिथं मी हसतो आणि डोळेही भरून येतात.

---

जवारी

आमचं घर मिरजेच्या सतारमेकर गल्लीतलं. तारा, घोडी, जवारी यातच दिवस जातो, त्यामुळे मला पियानोच्या पोटातला भागच जास्त दिसतो.

कुणी लक्षात घेतलं नाही म्हणून लिहितो. हंगेरीतल्या रोमा समाजातल्या वाजंत्र्यांच्या ताफ्यात 'सिम्बालोम' नावाचं वाद्य असतं. पसरट पेटीवर तारा ताणलेल्या आणि हातात दोन काठ्या घेऊन त्या तारांवर वाजवायचं. आपल्या संतूरचं भावंडच म्हणा, संतूरवाले कलमांनी वाजवतात तसं. लिस्टनं या ऱ्हाप्सडीत, विशेषतः फ्रिस्काच्या सुरुवातीला, पियानोवर त्या सिम्बालोमची नक्कल केली आहे. तीच ती एकाच सुरावरची थरथर, भरभर पडणारे टोले.

आता जेरी शेवटी काय करतो ते आठवा. पट्ट्या बाजूला, पियानोचं सगळं यंत्र बाजूला. दोन हातोड्या घेतो, एकेक एका हातात, आणि थेट तारांवर वाजवतो. म्हणजे लिस्टनं सिम्बालोम उचलून पियानोत घातला आणि उंदरानं पियानो मोडून त्याचा पुन्हा सिम्बालोम केला! करणाऱ्यांच्या मनात हे होतं की नाही, कोण जाणे. पण त्या जागी मी उठून उभा राहतो. वाजवायचं अंग बरोबर आहे त्याचं. मनगट सैल, हातोडी तारेवर टेकवून ठेवत नाही, उसळू देतो. टेकवून ठेवली की तार मरते.

---

भातासूर

जवारी, हे वाचून मी दुकानातून उठून बाहेर आलो, दोन मिनिटं नुसता उभा राहिलो. पेटीला तारा नसतात, सूर हवेवर. त्यामुळे ही बाजू माझ्या डोक्यात कधी आलीच नसती. पेटीवर टॉमचं काही चाललंही नसतं. एक हात कायम भात्याला, उंदराला मारायला हात उरतोच कुठे.

पडद्यामागचा काकांचं आण्णांना वाचून दाखवलं. ते गृहस्थ बहुतेक त्यांच्या ओळखीचे निघाले. नाव इथं लिहीत नाही.

एक घरातली गोष्ट लिहितो, कारण शेवटच्या दृश्याशी संबंध आहे. टॉम पट्ट्यांवर कोसळतो, प्रकाशाचा झोत जेरीवर येतो आणि टाळ्या जेरी घेतो. लहानपणी मला याचा राग यायचा. कष्ट टॉमचे, मान उंदराला. आण्णांना राग येत नाही. कितीतरी वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाच्या पत्रिकेत आयोजकांनी गायकाचं नाव मोठं छापलं, पेटीवाल्याचं बारीक, आणि तबल्याचं छापायचंच राहिलं. आण्णा गेले, वाजवलं, मानधन घेतलं, रात्रीच्या एसटीनं परत आले. आई बोलली तेव्हा म्हणाले, "वाजलं तर कळलंच असेल." ती पत्रिका आईनं अजून ट्रंकेत ठेवली आहे. आण्णांच्या मते शेवट जेरीनं वाजवलाय, म्हणून झोत त्याच्यावर बरोबर आहे. साथीदारावर झोत आलेला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कार्टूनमध्ये पाहिला.

---

चोवीस_फ्रेम

यावरून एक सांगायलाच हवं. हे कार्टून थिएटरांत १९४७ मध्ये आलं, पण ऑस्कर त्याला १९४६ सालचं मिळालं. टॉम-जेरीला एकूण सात मिळाली, त्यातलं हे चौथं. पण तेव्हाच्या रीतीप्रमाणे पुरस्कार निर्मात्याच्या नावे, म्हणजे फ्रेड क्विंबी यांच्या. हॅना आणि बार्बेरा यांच्या नावे नव्हे. १९४० ते १९५८ या काळात या दोघांनी टॉम-जेरीची ११४ कार्टून केली, टॉमची ती प्रसिद्ध किंकाळी खुद्द हॅना यांच्या आवाजातली, आणि ऑस्करच्या बाहुल्या क्विंबींकडे.

त्याच सुमारास वॉर्नर ब्रदर्सनं १९४६ मध्ये 'ऱ्हाप्सडी रॅबिट' काढलं. त्यात बग्ज बनी हा ससा हीच रचना पियानोवर वाजवतो आणि त्यालाही एक उंदीर सतावतो. दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचा आरोप केला. मी दोन्ही लागोपाठ पाहिली आहेत. बग्ज प्रेक्षकांकडे बघून बोलतो, त्याला आपण गंमत करतोय हे माहीत आहे. टॉमला माहीत नाही, तो जीव ओतून वाजवतोय. माझ्या लेखी तिथंच निकाल लागतो.

---

खुणांची_भाषा

रोज वाचत होते, आज लिहायचं धाडस करते. मी कर्णबधिर मुलांना शिकवते. हा धागा वाचून वाटलं की इथं सगळे सुराबद्दल बोलताहेत, मग माझ्या मुलांचं काय? म्हणून शनिवारी वर्गात हे कार्टून लावलं. अकरा मुलं, सात ते दहा वयाची. त्यातल्या बहुतेकांना श्रवणयंत्र लावूनही संगीत म्हणून काही पोचत नाही.

मुलं हसली. भरपूर हसली. सापळ्याला तर हळदबाजार यांच्या गल्लीसारखंच, फक्त "आता" तोंडानं म्हणायच्या ऐवजी हातानं. पण मला वाटलं नव्हतं अशा जागी जास्त हसली. टॉमचा चेहरा मिटल्या डोळ्यांचा, शांत, आणि खाली हात मात्र चेचाचेची करताहेत, तिथं. एका मुलानं उठून करूनच दाखवलं. वर चेहरा देवासारखा, खाली मुठी आपटतोय.

आणि शेवटाला एक गोष्ट घडली. पहिल्यांदा संपलं तेव्हा टॉमचे खांदे उतरले, मग दचकून वर आले. दुसऱ्यांदा खांदे उतरले तेव्हा जेरीनं हातोडी उचलायच्या आधीच माझ्या नऊ वर्षांच्या एका विद्यार्थिनीनं खूण केली : "पुन्हा." तिला ऐकू काही येत नाही. मी तीनदा मागे नेऊन पाहिलं. ती खरंच आधी होती.

---

एकताल

हे वाचून मी माझी हरकत मागे घेतो. दुसऱ्यानंतर तिसरा येणार हे बघणाऱ्याला आतून कळत असेल, तर आण्णा म्हणतात ते बरोबर. मी कानानं मोजत होतो. त्या मुलीनं खांद्यांवर मोजलं.

---

भातासूर

खुणांची_भाषा ताई, तुमचा प्रतिसाद आण्णांना दोनदा वाचून दाखवावा लागला. दुसऱ्यांदा त्यांनी मध्येच थांबवलं आणि विचारलं, "मुलगी किती वर्षांची म्हणालास?" मग म्हणाले, तिला इकडे घेऊन या. डग्ग्यावर तळहात ठेवायचा, मी शेजारी वाजवतो, तिला हातातून कळेल. तिच्या आई-वडिलांनाही आणा. आमचं दुकान मिरजेत दर्ग्याच्या मागच्या बाजूला आहे, नेमका पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

---

खुणांची_भाषा

तिच्या आईशी बोलले. रविवारी अकराच्या सुमारास येतो. तिनं विचारलंय की तिथं उंदराचं घरटं असलेली पेटी बघायला मिळेल का.

---

भातासूर

मिळेल. भाता बदलला, पण घरटं आण्णांनी टाकू दिलं नव्हतं, काडेपेटीच्या मोठ्या खोक्यात ठेवलंय. पावसानं डग्ग्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, उतरली होती. आज सकाळी ऊन पडलं तसे आण्णा तो बाहेर ओट्यावर घेऊन बसलेत, आणि दर पाच मिनिटांनी बोट मारून बघताहेत.